सात नंबरचं रोप

काचघराचा एक नियम होता. तो कुठं लिहून लावलेला नव्हता, पण तिथं काम करणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात मुरलेला होता: आधी निरोगी, मग आजारी. सकाळी आधी निरोगी रोपांच्या खोल्यांत जायचं, पाणीबिणी घालायचं, आणि जिथं मुद्दाम रोग लावलेली रोपं ठेवलीत त्या खोलीत सगळ्यात शेवटी. उलट जायचं नाही. एकदा आजारी खोलीत पाऊल टाकलं की त्या दिवसापुरती बाकीची दारं बंद. रोगाच्या विषाणूला पाय नाहीत की पंख नाहीत, तो माणसाच्याच हातावर बसून फिरतो.

आणि हा नियम मोडला काकांनी. तोही तीस वर्षांची नोकरी झाल्यावर, निवृत्तीला साडेतीन महिने उरले असताना!

काका म्हणजे काचघराचे माळी. रोप बघून सांगायचे, याला कालचं पाणी बाधलंय, याला परवाचं ऊन. संस्थेतल्या भल्याभल्यांची लग्नं, पदव्या, भांडणं त्यांनी पाहिलेली. मॅडम नोकरीला लागल्या तेव्हा रोपाच्या पानावर विषाणू किती दाबून चोळायचा हे त्यांना काकांनीच दाखवलं होतं.

मॅडम म्हणजे इथल्या विषाणूवाल्या. वय सेहेचाळीस, हुशारी वादातीत, जीभ तिखट. चूक दिसली की बोलून मोकळ्या. स्वतःच्या चुकाही तितक्याच झटकन कबूल करायच्या, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. फक्त स्वतःच्या चुका त्यांना जरा उशिरा दिसायच्या.

गेली अकरा वर्षं मॅडम काकडीवरच्या एका विषाणूच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. हा विषाणू म्हणजे आरएनएचा एक धागा, साडेचार हजार अक्षरांचा, आणि वर प्रथिनाचं कवच. बस्स, एवढाच त्याचा संसार. प्रथिन बनवायचं यंत्र त्याच्याकडे नाही. तो रोपाच्या पेशीत घुसतो आणि तिथलं यंत्र फुकटात वापरतो. आता पेशीचं यंत्रही काही खुळं नाही. रोपाच्या आपल्या धाग्यांना डोक्याशी एक रासायनिक टोपी असते, ती दिसली की यंत्र कामाला लागतं. या विषाणूला टोपीच नाही. मग या बोडक्या पाहुण्याचं काम यंत्र करतं तरी का?

मॅडमचं म्हणणं असं, की धाग्याच्या शेपटीला एक गुंतागुंतीची घडी पडते आणि ती घडी यंत्राला धरून ठेवते. त्याच शेपटीतला एक फास मागून वळून येतो आणि डोक्याजवळच्या दुसऱ्या फासाला जाऊन चिकटतो, अक्षराला अक्षर जुळवून. जी असेल तर समोर सी, ए असेल तर समोर यू. टोकाला टोक मिळालं की शेपटीनं धरलेलं यंत्र आयतं डोक्याशी पोचतं आणि प्रथिन बनायला लागतं. टोकं मिळाली नाहीत तर विषाणू उपाशी.

हे सिद्ध करायला मॅडमनी डोक्याकडच्या फासातलं एक अक्षर बदललं. जी काढून ए घातलं. शेपटीकडे समोर सी होतं ते तसंच ठेवलं. ए आणि सी जुळत नाहीत. असा हा मोडका विषाणू त्यांनी काकडीच्या बारा रोपांवर चोळला आणि रोपं आपल्या खोलीत ठेवली. बाराही धडधाकट राहायला हवी होती.

विसाव्या दिवशी एका रोपावर पिवळे ठिपके आले.

मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारच्या आजारी खोलीतला मूळ, न मोडलेला विषाणू इथं शिरला, याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती. त्यांनी दारावरची नोंदवही उघडली आणि दहा दिवसांमागची पानं चाळली. सापडलंच. काका, आजारी खोली, नऊ चाळीस. त्याच्या खालीच, काका, मॅडमची खोली, अकरा पाच.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. दुपारच्या चहाला सगळे जमले होते, तिथं त्यांनी ती दोन ओळींची वही मोठ्यानं वाचून दाखवली.

काका उभे राहिले. "पंखा बंद पडला होता मॅडम. घंटा वाजत होती. आत पारा चाळिसाच्या वर गेलेला. तुम्ही मीटिंगमध्ये. रोपं जळाली असती. मी कोट बदलला, हात..."

"काका, वही बोलतेय ना. आता तुम्ही बोलू नका."

काका खाली बसले.

संस्थेचे संचालक, म्हणजे सगळ्यांचे साहेब, हा भला माणूस होता, पण फायलीचा माणूस होता. त्यांच्या मते जे फायलीत नाही ते घडलंच नाही. त्यांनी काकांना बोलावून दोन वाटा सांगितल्या. एक, रीतसर चौकशी, आणि ती संपेपर्यंत निवृत्तीचे कागद अडकणार. दोन, चुकीची कबुली देणारं पत्र, म्हणजे विषय तिथंच मिटला. पत्र टाइप करून तयारच होतं. 'माझ्या निष्काळजीपणामुळे प्रयोगाची रोपं दूषित झाली' वगैरे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. काकांनी सही केली. दुसऱ्या दिवसापासून त्यांना भांडारात बसवलं, कुंड्या मोजायला. आणि पत्राची एक प्रत नियमाप्रमाणे पोस्टानं त्यांच्या घरी गेली. ती सूनबाईंनी फोडली आणि भाड्याची पावती असेल अशा समजुतीनं सगळ्यांसमोर वाचली.

इकडे मॅडमनी बाराही रोपं वाफेच्या मोठ्या कुकरात घालून उकडून टाकली. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं ते. त्या आजारी रोपाच्या पानाचा बोटभर तुकडा मात्र त्यांनी गोठवून ठेवला आणि त्यातल्या विषाणूची अक्षरं वाचायला पाठवून दिली. पुरावा हवा होता. त्यात मूळचं जी दिसणार आणि प्रकरणाला कुलूप लागणार.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. मॅडमनी चहाचा कप हातात धरूनच पडद्यावर पाहिलं. डोक्याकडच्या फासात जी नव्हतं. त्यांनीच घातलेलं ए तिथं जसंच्या तसं बसलं होतं.

म्हणजे हा मोडकाच विषाणू होता. मग रोप आजारी पडलं कसं? मॅडमनी पहिल्या अक्षरापासून वाचायला सुरुवात केली. शंभर, हजार, चार हजार, सगळं जागच्या जागी. पार शेपटीत, त्या दुसऱ्या फासात, सी होतं तिथं यू आलं होतं.

ए आणि यू. जोडी जुळली होती! मॅडमनी एक टोक मोडलं, तर विषाणूनं दुसरं टोक बदलून घेतलं होतं. उपाशी विषाणूही रडतखडत नकला काढतोच, आणि काढताना हजार चुका करतो. त्यातली एक चूक नेमकी हवी तिथं पडली, तीच नक्कल जगली आणि वाढली. टोकाला टोक लागतं याचा याहून सरळ पुरावा मॅडमना सात जन्मांत मिळाला नसता. विषाणूनं स्वतः येऊन साक्ष दिली होती.

मॅडम खुर्चीतून उठून अक्षरशः नाचल्या. जो भेटेल त्याला ओढत आणून पडदा दाखवला. नवऱ्याला फोन केला. लेखाचं पहिलं वाक्यसुद्धा लिहून टाकलं. काकांची आठवण त्यांना चार तासांनी झाली, तीही लेखात 'ही बाहेरून आलेली लागण नव्हती' हे वाक्य लिहिताना.

बोटं तिथंच थांबली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्यांना त्या क्षणी कळलं.

त्या तडक साहेबांकडे गेल्या. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली साहेब, म्हणाल्या, आणि संन्याशाला मीच धरून आणलं होतं. ते पत्र काढून टाका.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "एक रोप," ते म्हणाले. "आणि तेही तुम्ही उकडून टाकलंत. उरला पानाचा एक तुकडा. उद्या कुणी म्हणालं, नमुन्यांची अदलाबदल झाली, तर मी काय दाखवू? सही केलेलं पत्र फायलीतून काढायचं तर तसाच भक्कम कागद हवा. प्रयोग पुन्हा करा."

"काका सत्तर दिवसांत निवृत्त होताहेत."

"मग लवकर करा," साहेब म्हणाले.

भांडारात काका कुंड्यांच्या चळतींमध्ये बसले होते. मॅडम दारातच उभ्या राहिल्या आणि एका दमात सगळं बोलल्या. माफ करा हेही बोलल्या. काकांचा चेहरा हलला नाही.

"मला ते धाग्याबिग्याचं कळत नाही मॅडम," ते म्हणाले. "सोपं करून सांगा."

मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं आणि काकांच्या कमरेकडे बोट दाखवलं. "तुमचा पट्टा घ्या. एका टोकाला बक्कल, दुसऱ्या टोकाला भोकं. शेपूट फिरून बक्कलपाशी येते आणि काटा भोकात बसतो, तेव्हा पट्टा लागतो. मी काय केलं, बक्कलचा काटा वाकवला. आता तो त्या भोकात बसेना. तर या बेट्यानं शेपटीला नवीन भोक पाडलं, वाकड्या काट्याला बसेल असं."

"पाडणारच. पँट सांभाळायची तर आपणही खिळ्यानं पाडतोच की." काका पहिल्यांदा थोडं हसले. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे रोग माझ्या हातून नव्हता?"

"नव्हता."

काकांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. "मलाच वाटायला लागलं होतं, असेल बुवा माझ्याच हातून. घरी दिवसातून दहादा हात धुतो. आमची ही ओरडते, साबण खातोस का म्हणून." काकांनी हात पुन्हा पँटला पुसले. "नातवाला उचलून घेताना पण आधी हात धुतो मॅडम. हे काय होऊन बसलं माझं?"

मॅडमनी एवढंच सांगितलं की पत्र निघायला हवं, त्यासाठी छत्तीस रोपांवर प्रयोग पुन्हा करायचाय, आणि रोपं सांभाळायला काकाच हवेत.

"नाव काढू नका," काका म्हणाले. "या खेपेला रोपं आजारी पडावीत म्हणून तुम्ही वाट बघणार, आणि पडली की लोक परत माझ्या हातांकडे बघणार. दुधानं तोंड पोळलंय माझं, आता ताकही फुंकून पिणार. मी रोपांना बोट लावणार नाही."

"मग कोण लावणार?"

"तुम्ही लावा. मी बाहेर बसून सांगतो."

झालं! मॅडमनी साहेबांना सांगून काकांना भांडारातून मागून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून मॅडमच्या खोलीच्या काचेबाहेर एक स्टूल आलं, त्यावर काका बसले, आणि आत डॉक्टरेटवाल्या मॅडम हातात झारी घेऊन उभ्या राहिल्या. नवऱ्यानं ऐकलं तेव्हा तो पोट धरून हसला. "घरातलं निवडुंगसुद्धा मारलंस तू," म्हणाला. "त्या बिचाऱ्या काकड्यांनी तुझं काय वाकडं केलंय?"

सुरुवातीचे दिवस म्हणजे नुसती फजिती. काचेवर टकटक व्हायची आणि दाराच्या झरोक्यातून आवाज यायचा. "मॅडम, पाणी घालताय की आंघोळ घालताय?" "पान धरू नका, ते काय कुणाचा कान आहे पिळायला?" "त्या कोपऱ्यातलीला सावली करा. तिला बोलता येत नाही म्हणून काय झालं, दिसतंय की तोंड सुकलेलं." शेजारच्या प्रयोगशाळेतली माणसं काही ना काही काम काढून तिथून जायला लागली. मॅडमना पहिल्यांदा राग यायचा, मग हसू यायला लागलं, आणि पुढं पुढं टकटक व्हायच्या आधीच त्यांचा हात थांबायला लागला.

आत शिरायची रीत मात्र काकांनी त्यांच्याकडून अशी घोटून घेतली की विचारू नका. आधी बाहेरचा कोट काढायचा, आतला घालायचा. मग कोपरापर्यंत साबण. मग दुधाच्या पावडरीच्या पाण्यात हात बुडवून शंभर आकडे मोजायचे, कारण दुधातलं प्रथिन विषाणूला चिकटून त्याला नरम करतं. मॅडम हे सगळं वीस वर्षं दुसऱ्यांना शिकवत आल्या होत्या. स्वतः मात्र घाईत साठावर थांबायच्या, हे त्यांना आता कळलं. एकदा एका फोनच्या नादात त्या दूध विसरून तशाच दाराला हात लावायला गेल्या, तर काकांनी काच अशी बडवली की फुटते की काय वाटलं.

चोविसाव्या दिवशी अकरा नंबरच्या रोपावर ठिपके आले. सव्विसाव्या दिवशी एकोणतीस नंबरवर. मॅडमनी स्टुलाजवळ जाऊन काकांना बातमी दिली. रोप आजारी पडलं म्हणून दोन माणसांना एवढा आनंद झाल्याचं त्या काचघरानं कधी पाहिलं नसेल. तिसाव्या दिवशी सात नंबरही पिवळं पडलं. तिन्ही पानांचे तुकडे अक्षरं वाचायला गेले.

निकाल आला तो शुक्रवारी. सोमवारी साहेबांपुढे अहवाल ठेवायचा होता आणि मंगळवारी काकांचा शेवटचा दिवस.

अकरा नंबर: डोक्याकडे ए, शेपटीकडे यू. एकोणतीस नंबर: डोक्याकडे ए, शेपटीकडे यू. मॅडमनी टेबलावर मूठ आपटली. जिंकलं! मग सात नंबरचं पान उघडलं.

डोक्याकडे जी. शेपटीकडे सी.

अगदी मूळ विषाणू, एका अक्षराचाही फरक नाही. याचे दोन अर्थ होत होते. एक तर या खेपेला विषाणूनं शेपटीला नवं भोक पाडण्याऐवजी वाकलेला काटाच सरळ केला होता, तेही घडतं. नाहीतर आजारी खोलीतला मूळ विषाणू कुणाच्या तरी हातावरून इथं आला होता. दोन्हींत फरक करायला मॅडमनी आपल्या विषाणूत एखादं निरुपद्रवी खुणेचं अक्षर घालून ठेवायला हवं होतं. कुठल्याही विद्यार्थ्याला त्यांनी हे आधी विचारलं असतं. आपल्या वेळी मात्र घाईत राहून गेलं. आणि या खेपेला त्या खोलीत जाणारे हात फक्त त्यांचे होते.

मी धुतले होते हात. रोज धुतले होते. मॅडम मनातल्या मनात हे दहादा म्हणाल्या, आणि दहाही वेळा त्यांच्या लक्षात आलं की हे ऐकणारं तिथं कुणी नाही.

सात नंबर वगळून टाकावं? कोण विचारणार होतं? दोन रोपं पुरेशी होती. पत्र निघालं असतं, काका सुखानं घरी गेले असते, लेख छापून आला असता. तासभर त्या या विचाराशी कुस्ती खेळल्या. मग उठल्या आणि स्टुलापाशी जाऊन त्यांनी काकांना जे होतं ते सांगितलं.

"साहेबांना हे सांगितलं तर काय होईल?" काकांनी विचारलं.

"ते म्हणतील, प्रयोगात मूळ विषाणू शिरला, म्हणजे प्रयोगच बाटला. बाकीची दोन रोपंही धरणार नाहीत. तुमचं पत्र राहील तिथंच."

"आणि नाही सांगितलं तर?"

"पत्र निघेल."

काका ताडकन उठले. "मग मला कशाला विचारायला आलात? भीक नको पण कुत्रं आवर! टाकून द्यायचं होतं ते पान, मला कळलंही नसतं. त्या वेळी न विचारता केलंत, आणि या वेळी विचारून माझ्याच गळ्यात बांधताय?"

"हो," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "चुकलंच. पण परत तुमच्या पाठीमागे काही करायचं माझ्याच्यानं झालं नाही."

काका काचेकडे तोंड करून उभे राहिले. आत छत्तीस रोपं होती. त्यातलं एकही पाण्यावाचून किंवा पाण्यानं मेलं नव्हतं, ही गोष्ट त्यांनाच ठाऊक होती. ते म्हणाले, "लिहा. सात नंबर पण लिहा. खोट्या कागदानं गेलेलं नाव दुसऱ्या खोट्या कागदानं परत आणून काय करू? सुनेसमोर वाचताना मलाच कळेल की." आणि खाली बसता बसता ते म्हणाले, "साहेबांना सांगा, तुमचे हात मी पाहिलेत."

सोमवारी अकरा वाजता दोघं साहेबांसमोर होते. साहेबांनी अहवाल पहिल्या पानापासून वाचला आणि सात नंबरपाशी बोट ठेवलं.

"सगळं या रोपावर अडतंय, मॅडम. तुमचे हात स्वच्छ असतील तर प्रयोग शुद्ध, आणि अकरा नि एकोणतीस मी डोळे मिटून मान्य करतो. हात स्वच्छ नसतील तर सगळाच संशय. पुरावा काय?"

"काका रोज काचेबाहेर बसून होते. त्यांनी पाहिलंय."

साहेबांनी चष्मा काढला. "ज्याच्या निष्काळजीपणाचं पत्र या फायलीत आहे, त्याच्या शब्दावर?"

"हो. त्यांच्याच."

"काका, तुम्ही स्वतः पाहिलंत? रोज?"

"रोज, साहेब. कोट, साबण, दूध, शंभर आकडे. एकदा दूध विसरल्या होत्या, तेव्हा मी काच वाजवली. त्या मागे फिरल्या." काका थांबले. मॅडमना वाटलं, संपलं बोलणं. पण काकांना अर्धवट सांगायची सवय नव्हती. "एक दिवस सोडून. सतराव्या दिवशी मला ताप होता. मी घरी होतो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे त्या दिवशी त्यांनी हात धुतले की नाही, तुम्हाला सांगता येत नाही."

"येतं की," काका म्हणाले. "मॅडम म्हणताहेत धुतले. म्हणजे धुतले."

"तुम्ही पाहिलं नाहीत, तरी?"

"पाहिलं नाही साहेब. पण माणूस सांगतंय ना."

मॅडमनी पदर नाही की रुमाल नाही, सरळ कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. साहेबांनी फाईल ओढली, पानं उलटली, सहीचं ते पत्र काढून टेबलावर ठेवलं आणि एक कोरा कागद पुढं घेतला.

"हे रद्द करायचं कारण लिहावं लागेल," ते म्हणाले. "काय लिहू? नवीन पुरावा समोर आला, असं लिहितो."

"नको," मॅडम म्हणाल्या. "त्या दिवशी ते मला सांगत होते, कोट बदलला, हात... आणि मी त्यांना पुढं बोलू दिलं नाही. तेवढं ऐकलं असतं तर कुठलाच पुरावा लागला नसता. असं लिहा की मॅडमनी ऐकून घेतलं नाही. खाली सही मी करते."

साहेब लिहायला लागले.